कॉफी वेचणारी स्त्री, नाव माहीत नाही

डोळखांब
१८ डिसेंबर २०२४

यमू,

फोन आपटलास ते बरं केलंस. तुझ्या जागी मी असते तर मीपण तेच केलं असतं. पण दर्शनाताईंवर राग धरू नको, त्या बाईचा काय दोष नाय. मुरबाडहून त्यांनी तुमच्या मळ्याच्या ऑफिसात फोन लावला, तिथल्या कारकुनाची विनवणी करून तुला मजुरांच्या चाळीतून बोलावून घेतलं, ते सगळं माझ्या सांगण्यावरून. "तुमची बहीण रंजना बोलतेय" एवढं त्यांच्या तोंडून निघालं आणि तू फोन ठेवलास. मी शेजारीच उभी होते. तुझं "कोन" तेवढं ऐकायला आलं. आवाज जाड झालाय तुझा.

म्हणून आता कागद घेतला. फोन ठेवून देता येतो, कागदाचं तसं नाय, तो घरात पडून राहतो. फाडायचा तर फाड, पण आधी वाच. अक्षर मोठं काढते. वाचता येत नाय असलं कारण मला देऊ नको, तुझी बाराखडी मीच घोकून घेतलीय, आणि तेव्हाही तू असंच तोंड फिरवून बसायचीस.

तू सापडलीस कशी ते सांगते. मी अजून आश्रमशाळेत स्वयंपाकाला आहे. या महिन्यात पोरींची सहल निघाली. मुरबाडच्या पुढे टोकावड्याच्या रस्त्याला एक बंद पडलेली भातगिरणी आहे, तिच्यात कॉफीचं संग्रहालय केलंय. मी बोलले, मॅडम, आपल्या पोरींनी कॉफी कधी चाखली नाय, तिचं संग्रहालय काय बघायचं? मॅडम बोलल्या, शाळेच्या पोरींना फुकट आहे. मग काय, खिचडीचं पातेलं टेम्पोत टाकलं आणि निघालो. कॉफीच्याच मळ्यावर तू गेलीस ती परत आली नायस हे मॅडमना कसं सांगणार.

दोनच खोल्या आणि एक पडवी. दर्शनाताईंचे वडील जन्मभर दक्षिणेकडे कॉफीच्या व्यापारात होते. त्यांचं काम काय, तर वीस पेले मांडायचे, एकेकातून चमचाभर ओढायचं, चव सांगायची आणि थुंकायचं. त्याचाच पगार. पोरी हसून हसून वाकल्या. म्हातारपणी ते गावाला परत आले ते दोन ट्रक सामान घेऊन. ते वारले, आता ताई सांभाळतात. बिया भाजायचं पत्र्याचं पिंप, दांडा फिरवून फळाची साल काढायचं मशीन, पितळेचे फिल्टर, जुने डबे, अरबांची लांब चोचीची किटली. कॉफी कुठून कुठे गेली त्याचा नकाशा भिंतीवर रंगवलाय. एका फकिराने सात बिया कमरेला बांधून समुद्रापलीकडून आणल्या अशी एक गोष्ट आहे, ती ताईंनी हावभाव करून सांगितली. काजल म्हणून सहावीतली पोर आहे, आपल्याच पाड्यातली. तिने बरणीतली हिरवी बी गुपचूप तोंडात टाकली आणि तोंड वाकडं करून बोलली, मावशी, ही तर शिजलीच नाय. मी तिच्या पाठीत धपाटा घातला.

दुसऱ्या खोलीत फोटो आहेत. एका भिंतीवर एकटीच बाई, माणसाएवढी मोठी. पोटाला गोणपाट बांधलेलं, एक हात फांदीवर, दुसऱ्या मुठीत लाल फळं, तोंड अर्धं वळवलेलं. खाली पाटी लावलीय, 'कॉफी वेचणारी स्त्री, नाव माहीत नाही'. फांदीवरच्या हाताच्या मनगटावर तीन ठिपके सरळ आणि चौथा खाली घसरलेला. गोंदणारी चौथा टोचत होती तेव्हा तू हात ओढलास, आणि तो तसाच राहिला. पोरी पुढे गेल्या, मी तिथेच उभी राहून ते ठिपके परत मोजले.

ताईंनी फोटो भिंतीवरून उतरवला. त्यांच्या वडिलांच्या कोणा मित्राने काढलेला. मागे मळ्याचं नाव होतं आणि साल, दोन हजार अठरा. बाकी तुला माहीतच आहे.

आता कामाचं बोलते. आई थकली. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसरा राहिलाय. चार पावलं चालली की दम लागतो, पायाला सूज येते. शहापूरचे डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले, हृदय फार कमजोर झालंय, जे भेटायचं-बोलायचं ते लांबवू नका. तेव्हा आई जे बोलली ते बोलली. रागात माणूस बोलतो. बावीस वर्षं झाली, तिचा राग कधीच गेला. ती तुझं नाव काढते. एकदा येऊन तिला तोंड दाखव, माझं दुसरं काय मागणं नाय.

माझं म्हणशील तर माझं लग्न झालं. मालक भातसानगरला धरणावर पाणी सोडायच्या कामाला आहेत. आईकडेच राहतो. एक पोरगा आहे, स्वरूप, पुण्याला कंपनीत लागलाय. वाल्मिकपण बरा आहे.

मळ्याच्या पत्त्यावर टाकते आहे. पोचलं तर दोन ओळी लिही.

रंजनाबाय

—

९ जानेवारी २०२५

यमू,

पत्र परत आलं नाय, म्हणजे पोचलं असं धरते.

तुला वाटत असेल मी फोटो बघून आले आणि धावत जाऊन आईला सांगितलं. नाय सांगितलं. सांगितलं ते काजलने. नाताळची सुट्टी लागली तशी ही पोर पाड्यावर आली आणि हापशावर हंडे भरताना सांगत सुटली की मुरबाडला एका भिंतीवर सरस्वती आजी, म्हणजे आपली आई, लावलीय, तरणी असतानाची, आणि रंजनामावशी तिच्यापुढे जाऊन उभीच राहिली. आई तिथेच कपडे धूत होती. घरी आली आणि मला बोलली, "मला ती भिंत दाखव."

मी शंभर कारणं काढली. तुला गाडी लागते, तुला दम लागतो, फोटोत काय, सगळ्या बाया सारख्याच दिसतात. बोलली, "तू नको येऊ. मी त्या पोरीला घेऊन जाते." तिचा हट्ट तुला ठाऊक आहे. तुझ्यात उतरलाय तो तिचाच.

रविवारी निघालो. शहापूरला उतरून मुरबाडची एसटी धरली, किन्हवली, सरळगाव करत. आई खिडकीला बसली. स्वरूपने दिवाळीला आणलेली साडी नेसली होती, घडी मोडायला नको म्हणून इतके दिवस ठेवलेली. मी दोनदा पाणी दिलं, दोनदा नको बोलली.

दर्शनाताई पडवीतच भेटल्या. त्यांनी सवयीने ते साल काढायचं मशीन दाखवायला घेतलं. आई बोलली, "बाय, ते मागून दाखव. आदी माझी पोर दाखव."

फोटोपुढे गेली. ऑपरेशन झालेला डोळा पुढे काढून बघितलं. मग तुझ्या मनगटाजवळ इतकं तोंड नेलं की काचेवर वाफ धरली, ती पदराने पुसली आणि परत बघितलं.

"हिचं पोट वाढलंय. पोटुशी हाय काय?"

"नाय आये. वेचलेली फळं टाकायला पोटाला गोणपाट बांधतात."

"असं." मग काचेवर तळहात ठेवून उभी राहिली. ताईंनी स्टूल आणलं, ती बसली नाय. "फोटू कवाचा हाय?"

"सहा वर्षं होऊन गेली, आजी," ताई बोलल्या.

आईने बोटांच्या पेरांवर मोजलं. दोन्ही हातांवर मोजलं. मग माझ्याकडे वळून बोलली, "मंग मी दिवस घातले ते कोनाचे?"

ताई माझ्याकडे बघायला लागल्या. मी नकाशाकडे बघत राहिले.

ताईंनी आमाला बसवून कॉफी दिली, दूध न घातलेली, त्यांचे वडील प्यायचे तशी. आईने एक घोट घेतला. "हेच वेचते ती?" ताई हो बोलल्या. "कडू हाय," आई बोलली आणि सगळा पेला संपवला. माझा मी अंगणात ओतला.

यमू, आता तू इथे थांबली असशील. तुझ्या मनात येईल, दिवस कसले? आईला तर ठाऊक होतं मी जिवंत आहे. तिनेच तर निरोप दिला होता की माझ्यासाठी यमू मेली.

आईने नाय दिला. दोन हजार तीनच्या माघात तू आश्रमशाळेच्या ऑफिसात फोन केलास, तो मी उचलला. मुकादमाने तुला तापात इस्पितळात टाकून ट्रक हाकला, तिथल्या एका माणसाने तुला जगवलं, त्याच्याशीच तू लग्न केलंस, सहावा महिना चालू आहे, आईला सांग बाळंत झाले की येते, हे सगळं तू एका दमात बोललीस. आईशी बोलायचंय बोललीस. मी बोलले, दोन दिवसांनी कर, मी आईला विचारून ठेवते. दोन दिवसांनी तू केलास. मी बोलले, आई बोलते माझी यमू मेली, ती आली तर मी विहीर जवळ करीन.

त्या दोन दिवसांत मी आईला काहीच विचारलं नव्हतं. तुझा फोन आला होता हेच तिला ठाऊक नाय. आजपर्यंत नाय. मुकादमाने इकडे येऊन सांगितलं होतं की पोर तापात गेली, तेवढंच ती धरून बसली होती.

त्याच वर्षी वैशाखात आईने तुझे दिवस घातले. आपल्या पाड्याची रीत तुला आठवत असेल. प्रेत मिळालं नाय तर पळसाच्या पानांचा माणूस बांधतात, तो थोरल्या भावंडाने बांधायचा. तो मी बांधला. पाच ठिकाणी सुतळीच्या गाठी मारायच्या असतात, त्या मी मारल्या. दुसऱ्या गाठीला मनात आलं की आता हिचं बाळ झालं असेल. तरी पुढच्या तीन मारल्या.

मागच्या पत्रात आईचा राग गेला असं लिहिलं ते खोटं. तिला राग कधी आलाच नव्हता.

रंजना

—

२३ जानेवारी २०२५

यमू,

उत्तर येणार नाय हे समजते. तरी लिहिते, कारण अर्धं सांगून ठेवलंय आणि अर्धं सांगणं हे न सांगण्याहून वाईट.

मुरबाडहून आल्यापासून आई दोन-चार घासच खायची, मागच्या आठवड्यात तिने जेवणच टाकलं. चहा घ्यायची, बाकी काय नाय. ताट पुढे सरकवलं की बोलायची, "जित्या पोरीच्या नावानं कावळ्याला भात घातला मी. तिच्या वाटेला काय काय आलं असेल ते माझ्या या हातानं आलं. तिची पोरं जगली असतील काय गो?" मी बोलायचे, जगली असतील आये, चांगली मोठी झाली असतील. बोलायची, "तुला काय ठाऊक." उपाशी पोटी गोळ्या, त्याने उलट्या. चार दिवस झाले, पाच झाले. तिने गलिच्छ काम केलं अशी तिची समजूत, आणि केलं होतं मी. माझं पाप ती स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसली होती आणि मी शेजारी बसून तिला भात भरवायला बघत होते. असली निर्लज्ज मी.

का केलं ते आधी तुला सांगते. पहिल्या पत्रात लिहिलं ना, माझे मालक धरणावर कामाला आहेत आणि वाल्मिकपण बरा आहे. ती दोन माणसं नायत. एकच आहे.

तुझी सुपारी त्याच्याशी फुटली होती. मला तीन ठिकाणांहून नकार आला होता, या डाव्या लंगड्या पायापायी. याच पायापायी मला कॉफीच्या मळ्यावर नेलं नाय, तू गेलीस. ट्रक शिमग्याला तुझ्याविना आला. वाल्मिकने वर्षभर वाट बघितली, मग त्याच्या घरच्यांनी माझ्यासाठी विचारलं. आई बोलली, आधी यमूचे दिवस, मग हिचं लग्न. वैशाखातली तारीख धरली. आणि माघात तुझा फोन आला.

तू तर बोलली होतीस, वाल्मिकला सांग माझी वाट बघू नको. म्हणजे तू त्याला मोकळा केलाच होतास. मी खरं सांगितलं असतं तरी कदाचित सगळं तसंच झालं असतं. पण मला भीती वाटली की तू जिती आहेस कळलं तर तो मिळेल त्या गाडीत बसून तुला आणायला निघेल, तुझं पोट बघूनसुद्धा आणेल. तो तसा माणूस आहे. मी सव्वीस वर्षांची होते यमू, आणि पहिल्यांदा कोणीतरी मला हो बोललं होतं. मला तो हवा होता. दुसरं कारण शोधायला मला बावीस वर्षं मिळाली, सापडलं नाय.

परवाच्या रविवारी वाल्मिकची सुट्टी होती. तो पडवीत दावं वळत बसला होता, आई खांबाला टेकून. मी उभ्या उभ्या सांगितलं. बसले असते तर सांगवलं नसतं.

आई एकेक विचारायला लागली.

"फोन आलता?"

"आलता."

"ती येते बोलली?"

"बाळंत झाले की येते बोलली."

"माझ्याशी बोलायला मागितलं?"

"दोन्ही वेळा मागितलं."

मला वाटलं ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती वाल्मिककडे वळली आणि बोलली, "वाल्मिक, मला भात वाढ." मी चुलीकडे वळले तशी हात वर करून मला थांबवलं. "तू नको." त्याने वाढला. तिने कालवून कालवून सगळा खाल्ला, परत घेतला. तिला जेवताना बघून मला इतकं बरं वाटलं की मी मागच्या दारी जाऊन रडले. त्या रडण्यात लाज किती आणि सुख किती ते मला सांगता येणार नाय.

वाल्मिकने त्या दिवशी दावं पुरं वळून खुंटीला टांगलं. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेला तो तीन दिवस भातसानगरलाच राहिला. काल परत आला. पाय धुतले आणि विचारलं, "ती माझ्याबद्दल काय बोलली होती?"

मी सांगितलं, "वाट बघू नको बोलली."

"मंग एवढं मला सांगायला तुला काय झालं होतं?"

तो माझ्यावर ओरडला नाय. मीठ दे, टॉर्च कुठाय, एवढंच बोलतो. एकवीस वर्षांत तो मला पायावरून कधी एक शब्द बोलला नाय, आणि मी त्याला रोज एक खोटं खाऊ घातलं.

आई रोज विचारते, यमूला लिहिलंस काय. लिहिलं बोलते. काय लिहिलंस विचारते. खरं लिहिलं बोलते. मग मान हलवते, पण माझ्याकडे बघत नाय.

रंजना

—

८ फेब्रुवारी २०२५

यमू,

दर्शनाताईंचा फोन आला. तू त्यांना फोन केलास. "ती जेवते काय" एवढं विचारलंस, ताईंनी मला विचारून सांगते म्हटलं, आणि तू ठेवून दिलास. मी ताईंना पाच वेळा विचारलं, अजून काय बोलली, आवाज कसा होता, रडत होती काय. ताई बोलल्या, नाय हो, एवढंच.

जेवते गो. सकाळी नाचणीची भाकर खाते, दुपारी भात. माझ्या हातचं नाय. वाल्मिक असला की तो करून घालतो, नाय तर काजलची आई आणून देते. पण जेवते. सूज तशीच आहे. डॉक्टरांकडे मागच्या आठवड्यात नेली, ते मला वेगळं काय बोलले नाय, तेच बोलले.

तू विचारलंस म्हणून आईच्या अंगात बळ आलंय. तिने राघोआजाला बोलावलं. तो अजून आहे, नव्वदीला टेकलाय, तुझे दिवस त्यानेच घातले होते. आई त्याला बोलली, "पोर आली तर उंबऱ्याच्या आत कशी घेऊ ते सांग." ज्याचे दिवस झाले ते माणूस आपल्यात तसंच्या तसं घरात येत नाय, त्याला परत जन्माला घालावं लागतं.

राघोआजाने सांगितलं. अंगणात पाटावर बसवायची. पाच तांबे पाणी डोक्यावरून घालायचं. कोरं लुगडं गुंडाळून मांडीवर घ्यायची, तान्ह्या पोराला घेतात तशी, आणि कानात तिचं नाव सांगायचं. मग आत घ्यायची.

"एवढंच ना," आई बोलली. "मी घालते पाणी. मीच तिची आई."

"तुला नाय घालता यायचं, सरस्वती. तू तिला एकदा जन्म दिलास. पळसाच्या माणसाच्या गाठी जिनं मारल्या, पाणी तिनंच घालायचं. दुसऱ्यानं घातलेलं लागत नाय."

मी चुलीपाशी होते. आईने माझ्याकडे बघितलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा बघितलं. मग राघोआजाला बोलली, "ही नको. हिच्या हातचं मीच खात नाय, पोर हिच्या हातचं पाणी डोक्यावर कसं घेईल?"

"मंग पोर बाहेरच राहील."

आईचा तोल सुटला. बोलली, रीत गेली चुलीत, माझी पोर आली की मी तिला धरीन, बघते कोण अडवतो. राघोआजा म्हातारा शांत आहे. बोलला, धर की. पण मग ती आली तरी पाड्याला मेलेलीच राहील, तिच्या पोरांनासुद्धा कोणी इथलं म्हणणार नाय. आणि तू गेल्यावर तुझ्या दारात ती कोण म्हणून उभी राहील? आई रडली. मग डोळे पुसून मला बोलली, "लिही तिला. जसं हाय तसं लिही. ती काय बोलेल ते मला सांग, लपवू नको." लपवू नको हे तिने दोनदा सांगितलं.

म्हणून लिहिते. आधी मी ठरवलं होतं की तू आलीस तर मी आश्रमशाळेत जाऊन राहीन. तुला माझं तोंड बघायला लागू नये एवढं तरी मी करीन, असं वाटलं होतं. पण तेवढंही माझ्या हातात नाय. तुला आईपर्यंत पोचायचं तर वाटेत मी आहेच.

मी माफी मागत नाय. मागितली तर तुला द्यावी की नको याचा विचार करावा लागेल, आणि तुझ्यामागे आणखी एक काम लागेल. तू ये. आसनगाव स्टेशनला उतर, वाल्मिक घ्यायला येईल, त्याने तसं स्वतःहून सांगितलंय. माझ्याशी बोलू नको. माझ्याकडे बघू नको, पाटावर डोळे मिटून बस. मी मांडीवर घेईन तेव्हा तोंड फिरवून घे, मी काय बोलणार नाय. नाव कानात सांगायचं असतं तेवढं सांगीन. मग आत जा, आई दाराच्या आतल्या बाजूला बसून असेल. मी अंगणात थांबेन.

इकडे थंडी आहे अजून. पाणी तापवून ठेवीन. तुला कढत लागतं की कोमट, मला आता ठाऊक नाय. तेवढं दर्शनाताईंना फोन करून सांग.

रंजना